हायलुरोनन: कुठे भरतात, कुठे विरघळवतात. मग ते चांगलं की वाईट?

पाऊसवेडी
नमस्कार मंडळी. एकाच पदार्थाचं नाव हल्ली घरात तीन ठिकाणी ऐकतेय, म्हणून हा धागा.

आईचे गुडघे झिजलेत. हाडांच्या डॉक्टरांनी हायलुरोनिक अ‍ॅसिडचं (म्हणजेच हायलुरोननचं) इंजेक्शन सुचवलंय, सांध्यातलं वंगण वाढेल म्हणून. बहिणीच्या आरशापुढे त्याच नावाचं सीरम असतं. आणि मामेभाऊ बरीच वर्षं गुटखा खात होता, आता त्याचं तोंड दोन बोटंसुद्धा उघडत नाही. त्याला गालाच्या आतून इंजेक्शन देतात ते हायलुरोनिडेजचं, म्हणजे हाच पदार्थ तोडणारं एन्झाइम!

एकीकडे भरतायत, दुसरीकडे तोडतायत. वर कुठेतरी वाचलं की कॅन्सरच्या गाठीतही तो भरपूर सापडतो. मला वाटतं ‘शरीरातच असतं, त्यामुळे चांगलंच’ हे जे दुकानात सांगतात त्यात काहीतरी राहून जातंय. जाणकारांनी जरा उलगडून सांगावं. आईच्या इंजेक्शनचा निर्णयही घ्यायचाय.

वरणभात
वाचतेय. आमच्याकडेही सासूबाईंच्या गुडघ्यांवरून हीच चर्चा चालू आहे.

फास्टलोकल
शरीरातच तयार होणारी गोष्ट वाईट कशी असेल? नैसर्गिक आहे. मी बिनधास्त लावतो.

सूक्ष्मदर्शक
पाऊसवेडीताई, तुमची शंका अगदी बरोबर जागी आहे. जीवरसायनशास्त्र शिकवण्यात माझी हयात गेली, त्यामुळे थोडं लांबण लागेल.

१९३४ साली न्यू यॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात कार्ल मायर आणि जॉन पामर यांनी गाईच्या डोळ्यातल्या पारदर्शक द्रवातून हा पदार्थ वेगळा केला. रचना इतकी साधी की विद्यार्थ्यांचा विश्वास बसत नाही. ग्लुकुरॉनिक अ‍ॅसिड आणि एन-अ‍ॅसिटाइल ग्लुकोसामाइन या दोन साखरा, आलटून पालटून, हजारो वेळा. याच्या कुळातले बाकीचे रेणू प्रथिनाला चिकटलेले असतात, त्यांच्यावर गंधकाचे गट असतात. याच्यावर काहीच नाही. तो बनतोही पेशीच्या बाह्य पटलावर, आणि बनता बनताच बाहेर ढकलला जातो. हे काम करणारी तीन एन्झाइम्स आहेत. त्यातलं दुसरं, हॅस-२, उंदरात बंद केलं तर पिल्लू गर्भातच दगावतं, कारण हृदय नीट घडत नाही.

७० किलोच्या माणसात हायलुरोनन साधारण १५ ग्रॅम असतं. त्यातलं निम्मं त्वचेत. आणि रोज जवळजवळ एक तृतीयांश मोडून नवं बनतं. ही उलाढाल लक्षात ठेवा, पुढे कामाला येते.

आता मुद्दा. हा रेणू ‘चांगला की वाईट’ हे त्याच्या नावावर ठरत नाही. साखळी किती लांब आहे आणि तिला कोणता रिसेप्टर (पेशीवरचं, ठरावीक रेणू ओळखून पकडणारं प्रथिन) धरतोय, यावर ठरतं. निरोगी ऊतीत साखळ्या प्रचंड लांब असतात, काही दशलक्ष डाल्टनच्या (डाल्टन म्हणजे रेणूचं वजन मोजायचं एकक). त्या पाणी धरून ठेवतात, पेशींना जागा देतात, दाह शांत ठेवतात. जखम झाली, संसर्ग झाला की साखळ्या तुटतात, आणि ते तुकडे म्हणजे शरीरासाठी ‘इथे काहीतरी मोडलंय’ अशी खबर. १९८५ सालीच दाखवलं गेलं की छोटे तुकडे नव्या रक्तवाहिन्या फुटायला चालना देतात, अखंड साखळी मात्र देत नाही. रासायनिक घटक तेच आणि परिणाम उलटा!

रिसेप्टर बरेच आहेत. सीडी-४४ सगळ्यात महत्त्वाचा, बहुतेक पेशींवर असतो. र्‍हॅम पेशींच्या हालचालीत आणि जखम भरण्यात. लाइव्ह-१ लसिकावाहिन्यांच्या अस्तरावर. स्टॅबिलिन-२ यकृतात आणि लसिकाग्रंथींत, रक्तातलं हायलुरोनन उचलून साफ करणारा. यकृताचा सिरॉसिस झाला की ही सफाई मंदावते आणि रक्तातलं प्रमाण चढतं, म्हणून यकृत किती कडक झालंय हे जोखायच्या रक्ततपासण्यांत हायलुरोननही मोजतात.

फास्टलोकल, तुमच्या प्रश्नाचं उत्तरही यातच आहे. शरीरात तयार होतं म्हणून सगळीकडे, कितीही, कसंही चालेल असं नाही. शार-पे नावाचे सुरकुत्यांचे कुत्रे पाहिलेत का? त्यांच्यात हॅस-२ च्या जनुकाशेजारचा एक तुकडा वाढलाय, म्हणून कातडीत हायलुरोनन खच्चून भरतं. त्याच कुत्र्यांना वारंवार ताप येण्याचा आनुवंशिक आजारही असतो, आणि त्याचं नातं याच बदलाशी जोडलं गेलंय.

चाफेकळी
धागा वाचनखुणेत साठवला. सूक्ष्मदर्शककाका, तुमच्या वर्गात बसायला हवं होतं.

आमसूल
मी सौंदर्यप्रसाधनांच्या फॉर्म्युलेशनमध्ये काम करते, त्यामुळे सीरमबद्दल लिहिते.

त्वचेच्या वरच्या थरातून साधारण ५०० डाल्टनपेक्षा मोठा रेणू सहजी आत जात नाही, हा आमच्या धंद्यातला ठोकताळा. सीरममधलं हायलुरोनन हजारोंपासून लाखो डाल्टनपर्यंतचं असतं. ते वर बसतं, पाणी धरतं, चेहरा काही तास टवटवीत दिसतो. हे खरं काम आहे, मी त्याला कमी लेखत नाही. पण ‘आतली कमी भरून निघते’ ही जाहिरात आहे.

‘वजनाच्या हजारपट पाणी धरतं’ हेही तसंच. अतिशय पातळ द्रावणात ही साखळी पसरून जेवढी जागा व्यापते, त्या जागेतलं पाणी मोजून तो आकडा येतो. तेवढं पाणी ती बांधून ठेवते असा अर्थ नाही.

मुंबईत जूनपासून सप्टेंबरपर्यंत बहुतेकांना सीरमची गरजच पडत नाही. एसी ऑफिसात दिवसभर बसणाऱ्यांना मात्र फरक जाणवतो. ओलसर चेहऱ्यावर लावा आणि वरून साधं मॉइश्चरायझर.

फास्टलोकल
म्हणजे चर्चगेटच्या ऑफिसात लावायचं आणि बोरिवलीला उतरल्यावर घामानेच भागवायचं :)

आमसूल
@फास्टलोकल, अगदी!

गिरगाव चौपाटी
एक अवांतर पण आमच्या घरात फार महत्त्वाचा प्रश्न. आमची आजी कडक शाकाहारी. कोणीतरी तिला सांगितलं की गुडघ्याचं इंजेक्शन कोंबड्याच्या तुऱ्यापासून बनतं. तेव्हापासून ती ठाम नाही म्हणतेय. खरं आहे का?

सूक्ष्मदर्शक
काही इंजेक्शनं आजही तुऱ्यापासूनच बनतात. एंड्रे बलाझ हा मूळचा हंगेरीचा शास्त्रज्ञ. त्याने कोंबड्याच्या तुऱ्यातून अतिशय शुद्ध हायलुरोनन काढायची पद्धत बसवली. त्यातूनच १९८० च्या सुमारास मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत डोळ्यात भरायचा जाडसर द्रव बाजारात आला. लेन्स बसवताना आतल्या नाजूक पेशींना धक्का लागू नये म्हणून. आपल्या आईवडिलांपैकी कितीतरी जणांची दृष्टी अशा द्रवाच्या आधाराने नीट राहिलीय.

दुसरा मार्ग जिवाणूंचा. स्ट्रेप्टोकॉकस जातीचे काही जिवाणू स्वतःभोवती हायलुरोननचंच आवरण बनवतात. ते आपल्या हायलुरोननशी हुबेहूब जुळतं, त्यामुळे रोगप्रतिकारक पेशी त्यांना चटकन ओळखत नाहीत. तेच जिवाणू टाक्यांत वाढवून आज बरंचसं उत्पादन होतं. आजीला दोन्ही पर्याय सांगा. पाकिटावर उगम लिहिलेला असतो, नसेल तर डॉक्टरांना विचारा. तिचा नकार हा तिचा हक्क आहे, तो डावलून काही देऊ नका.

कोळीवाडा
आमच्याकडे गुडघेदुखीवर पायांचं सूप. त्यातून मिळत नाही का हे?

आमसूल
साखळी तशीच्या तशी पोटातून गुडघ्यात जात नाही. आतड्यातले जिवाणू तिला फोडतात. सूप चवीसाठी प्या, मनसोक्त.

निवांत फलाट
आता मूळ प्रश्नाकडे. मी फिजिओथेरपिस्ट आहे, परळ-शिवडी भागात बरीच वर्षं काम करतोय. गुडघ्याबद्दल स्पष्ट लिहितो.

तत्त्व बरोबर आहे. निरोगी सांध्याच्या द्रवात हायलुरोनन भरपूर असतं आणि लांब साखळ्यांचं असतं. झिजलेल्या सांध्यात प्रमाणही उतरतं, साखळ्याही आखूड होतात. म्हणून बाहेरून भरायचं. पण वर सांगितलेली उलाढाल आठवा. भरलेलं औषध सांध्यात काही तास ते काही दिवस टिकतं. मग सहा महिने आराम कसा पडेल? समर्थक म्हणतात की ते सीडी-४४ ला धरून पेशींचा दाह शांत करतं. शक्य आहे. पण माणसांवरच्या चाचण्या काय सांगतात ते बघायला हवं. २०२२ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये सगळ्या चाचण्यांचा एकत्र आढावा आला. खोट्या इंजेक्शनच्या तुलनेत वेदना थोडी कमी होते, पण इतकी थोडी की पेशंटच्या जगण्यात फरक पडत नाही, आणि गंभीर दुष्परिणाम किंचित जास्त. अमेरिकेतल्या हाडांच्या सर्जनांच्या संघटनेने २०१३ मध्येच विरोधात शिफारस केली होती. २०२१ मध्ये शब्द सौम्य केले, तरी ‘सरसकट वापरू नये’ हेच म्हटलं.

वजन उतरवणं आणि मांडीच्या पुढच्या स्नायूंचे व्यायाम याला पुरावा भक्कम आहे. पण ते कंटाळवाणं आहे, रोज करावं लागतं. इंजेक्शन एकदा घेतलं की झालं, म्हणून लोकांना तेच हवं असतं.

माहीमचा किल्ला
@निवांत फलाट, मी पूर्ण असहमत. माझ्या वडिलांना इंजेक्शननंतर जवळजवळ वर्षभर आराम होता. शिवाजी पार्कला फेऱ्या मारायला लागले परत. चाचण्या काहीही म्हणोत, डोळ्यांनी बघितलंय.

निवांत फलाट
दादा, वडिलांना आराम पडला याचा आनंदच आहे आणि तो खोटा होता असं मी म्हणत नाही. पण त्या चाचण्यांत नुसतं मिठाचं पाणी टोचलेल्यांनाही चांगला आराम पडलेला दिसतो. दुखणंही आपसूक चढतं-उतरतं, आणि लोक ते चढलेलं असतानाच डॉक्टरकडे जातात. त्यामुळे एका माणसावरून औषधाचं श्रेय ठरवता येत नाही. आणि फेऱ्या चालू झाल्या ना? पुढच्या महिन्यांतल्या आरामात त्या चालण्याचा वाटा असणारच.

माहीमचा किल्ला
हे पटण्यासारखं आहे. तरी ज्यांना ऑपरेशन झेपणार नाही अशांसाठी हा पर्याय उपलब्ध राहावा असं वाटतं.

निवांत फलाट
त्यावर सहमत. सगळं समजावून सांगून, खर्चाची कल्पना देऊन.

दंतमंजन
पाऊसवेडीताई, मामेभावाबद्दल लिहिते. मी दंतवैद्य आहे आणि हा आजार बघून रोज जीव तुटतो.

याला ओरल सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात. मुख्य दोषी सुपारी. तिच्यातल्या अ‍ॅरेकोलिनमुळे गालाच्या आतल्या पेशी कोलॅजन हे तंतूंचं प्रथिन बनवत सुटतात आणि गाल आतून ताठ होतो. गुटखा, मावा, ‘फक्त साधी सुपारी’ सगळ्यात ती आहेच. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी विशीतली मुलं हा आजार घेऊन येतात.

हायलुरोनिडेज का? कोलॅजनच्या तंतूंमधला जो भराव असतो त्यात हायलुरोनन असतं. एन्झाइम ते तोडतं, भराव सैल होतो. बहुतेक वेळा सोबत स्टेरॉइड देतात. सुरुवातीच्या टप्प्यात तोंड थोडं जास्त उघडतं, जळजळ कमी होते. पण कोलॅजनचे पट्टे त्याने विरघळत नाहीत. तोंड उघडण्याचे व्यायाम रोज करावे लागतात आणि सुपारी कायमची सोडावी लागते. या आजारातून तोंडाचा कॅन्सर होऊ शकतो, म्हणून ठरलेल्या तपासण्या आयुष्यभर चुकवू नका. भावाला हे माझ्याकडून सांगा, विनंती आहे.

पाऊसवेडी
दंतमंजनताई, तुमचा प्रतिसाद त्याला तसाच्या तसा पाठवला. सुपारी बंद केलीय म्हणतो. मामी लक्ष ठेवून आहे.

घारापुरी
हेच एन्झाइम सापाच्या विषातही असतं. विष ऊतींतून भराभर पसरतं त्यात त्याचा हात असतो. १९२८ मध्ये दुरान-रेनाल्स या शास्त्रज्ञाने वृषणाच्या अर्कात ‘पसरवणारा घटक’ शोधला, तो पुढे हायलुरोनिडेज निघाला. वृषणात का, तर बीजांडाभोवतीच्या पेशींचं आवरण हायलुरोननने भरलेलं असतं आणि ते ओलांडायला शुक्रपेशीच्या डोक्यावर हे एन्झाइम लागतं. परळच्या हाफकिनमध्ये सर्पदंशावरचं प्रतिविष बनतं हे सगळ्यांना माहीत आहे, पण विषातल्या या घटकाकडे कोणाचं फारसं लक्ष जात नाही.

चाफेकळी
फिलर्सबद्दल कोणीच बोललं नाही. ओठ भरणं वगैरे.

आमसूल
बरं झालं काढलंत. फिलरमधल्या साखळ्या एकमेकींना रासायनिक टाके घालून जोडलेल्या असतात, म्हणून महिनोन्महिने टिकतात. भीती अशी की चुकून रक्तवाहिनीत गेलं तर त्वचा मरू शकते, क्वचित दृष्टीही जाते. उतारा म्हणजे तेच हायलुरोनिडेज, आणि ते ताबडतोब लागतं. त्यामुळे जिथे ते हाताशी नाही आणि टोचणारी व्यक्ती डॉक्टर नाही, अशा पार्लरमध्ये कृपा करून जाऊ नका. सवलत कितीही असो.

रात्रपाळी
कॅन्सरवर मी लिहितो, ते माझं कामच आहे.

बऱ्याच गाठींत हायलुरोनन वाढलेलं असतं आणि पेशींवर सीडी-४४ ही. २००३ मध्ये स्तनाच्या गाठीतल्या ज्या थोड्या पेशींपासून उंदरात नवी गाठ उगवू शकते त्या वेगळ्या केल्या, त्यांची एक खूण सीडी-४४ हीच होती. स्वादुपिंडाच्या गाठीत तर हायलुरोनन आणि त्याने धरलेलं पाणी इतकं दाटतं की आतल्या रक्तवाहिन्या चेपून जातात. संध्याकाळच्या विरार गाडीत मधल्या माणसाला दारापर्यंत हलता येत नाही, तसं केमोच्या औषधाला आत शिरता येत नाही.

मग कल्पना निघाली की टिकाऊ केलेलं हायलुरोनिडेज शिरेतून द्यायचं, दाटी मोडायची, औषध आत जाईल. उंदरांत सुंदर चाललं. मोठ्या चाचणीत हायलुरोनन भरपूर असलेल्याच गाठींचे पेशंट निवडले. निकाल लागला, एन्झाइमसह मध्यम आयुर्मान ११.२ महिने, त्याशिवाय ११.५. काहीच फरक नाही. त्याआधी वेगळ्या केमोसोबतच्या एका चाचणीत तर ७.७ विरुद्ध १४.४, म्हणजे एन्झाइम घेतलेल्यांचंच नुकसान झालं. बरीच वर्षं आशा धरलेल्या लोकांसाठी ते फार जड होतं. तोडताना नेमके कसले तुकडे होतात आणि ते कोणत्या रिसेप्टरला जाऊन भिडतात, या प्रश्नाला तेव्हा पुरेसं महत्त्व मिळालं नाही असं माझं मत आहे.

उलट बाजूही सांगतो. आफ्रिकेतला नेकेड मोल रॅट, ३० वर्षांहून जास्त जगणारा छोटा प्राणी, त्याला कॅन्सर क्वचितच होतो. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या रॉचेस्टर विद्यापीठाच्या व्हेरा गोर्बुनोव्हा आणि आंद्रेई सेलुआनोव्ह यांच्या गटाने दाखवलं की त्याचं हायलुरोनन आपल्यापेक्षा पाचपटीहून लांब आहे, आणि ते काढलं किंवा सीडी-४४ चा मार्ग अडवला की पेशींचा बचाव ढासळतो. तोच रेणू इथे राखण करतोय.

एन्झाइमचा फायदा मात्र दुसरीकडे झाला. स्तनाच्या कॅन्सरवरचं ट्रास्टुझुमॅब शिरेतून द्यायला अर्धा ते दीड तास लागतो. त्यात हायलुरोनिडेज मिसळलं की ५ मिलि मांडीच्या त्वचेखाली २ ते ५ मिनिटांत देता येतं. बदलापूर-कसाऱ्याहून परळला येणाऱ्या बाईसाठी तेवढा वेळ वाचणं म्हणजे दुपारची गाडी मिळणं.

टिटवाळा लोकल
लांब चांगलं, तुकडे वाईट, हे सूत्र जरा जास्तच सोपं होतंय. तुकडे दाह उठवतात हे दाखवणाऱ्या काही प्रयोगांत नमुन्यात जिवाणूंची अशुद्धी होती असा आक्षेप आहे. शुद्ध तुकडे वापरले तर दाह उठला नाही, असं दाखवणारं कामही छापून आलंय.

सूक्ष्मदर्शक
आक्षेप रास्त आहे आणि या क्षेत्रातला तो खरा वाद आहे. तुकडे ज्यांच्यामार्फत दाह उठवतात असं मानलं जातं ते टोल रिसेप्टर मुळात जिवाणूंसारख्या जंतूंचे घटक ओळखण्यासाठी असतात, त्यामुळे किंचित अशुद्धीही निकाल फिरवते. तरी लांबीला महत्त्व आहे हे त्याने पुसलं जात नाही. लांब साखळी एका वेळी कित्येक सीडी-४४ एकत्र आणते, आखूड तुकड्याला ते शक्य नाही. एवढं भौतिक कारण पुरेसं आहे.

रक्तदाते परळ
इतका वेळ सीडी-४४ चा जप चाललाय आणि मुंबईचं योगदान कोणीच सांगितलं नाही! मी रक्तपेढीत तंत्रज्ञ आहे.

सीडी-४४ लाल पेशींवरही असतो आणि त्याच्यावर एक अख्खा रक्तगट आहे. त्याचं नावच ‘इंडियन’, आंतरराष्ट्रीय यादीत क्रमांक ०२३. त्यातला पहिला प्रतिजन (पेशीवरची ओळखखूण) १९७३ मध्ये मुंबईतल्या संशोधकांनी प्रसिद्ध केला. एच. एम. भाटिया त्या गटात होते. १९५२ च्या ‘बॉम्बे ब्लड ग्रुप’च्या शोधनिबंधातही भेंडे यांच्यासोबत तेच. लोक या दोन्हींची गल्लत करतात. ‘बॉम्बे’ म्हणजे एच प्रतिजनच नसणं, त्याचा हायलुरोननशी संबंध नाही. ‘इंडियन’ मात्र थेट हायलुरोननच्या रिसेप्टरवरचा.

त्यातला इन-ए प्रतिजन मुंबईच्या लोकांत शंभरात साधारण तीन-चार जणांत असतो, इराणी आणि अरब लोकांत दहाच्या वर, युरोपीय लोकांत जवळजवळ नाहीच. त्याचा जोडीदार इन-बी बहुतेक सगळ्यांत असतो. ज्यांच्यात इन-बी नाही आणि त्याविरुद्ध प्रतिपिंड तयार झालेत, त्यांना रक्त शोधताना आमची झोप उडते.

चाफेकळी
अंगावर काटा आला हे वाचून. आपल्या परळमधलं काम!

पाऊसवेडी
सगळ्यांचे मनापासून आभार. आईशी बोलले. सध्या इंजेक्शन थांबवून तीन महिने नीट व्यायाम करायचा असं ठरलंय, तिच्या डॉक्टरांनाही ते मान्य आहे. निवांत फलाट, खुर्चीवर बसून करायचे व्यायाम इथेच लिहाल का? तिला जमिनीवर बसता येत नाही.

निवांत फलाट
रात्री सविस्तर लिहितो. तोपर्यंत सुरुवात म्हणून, खुर्चीत ताठ बसून एक पाय सरळ करायचा, मांडी घट्ट करून पाच आकडे धरायचा, सावकाश खाली. दोन्ही पायांनी दहा-दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. दुखणं वाढलं तर थांबायचं आणि मला कळवायचं.

टिटवाळा लोकल
@रक्तदाते परळ, एक शंका. इन-ए असलेल्यांच्या सीडी-४४ मध्ये बदल आहे, तर तो हायलुरोननला धरतो का?

रक्तदाते परळ
धरतो. सीडी-४४ च्या प्रथिनसाखळीतल्या ४६ व्या जागी आर्जिनिन या अमिनो आम्लाऐवजी प्रोलिन येतं, एवढाच बदल. गंमत म्हणजे हायलुरोनन धरायला जो क्रम लागतो असं मानलं जात होतं, तोच या बदलाने मोडतो. पण १९९६ मध्ये तपासलं तेव्हा पकड शाबूत निघाली. म्हणजे त्या ठरावीक क्रमावाचूनही रिसेप्टरचं काम चालतं. इन-ए असणारी माणसं तुमच्या-आमच्यासारखीच धडधाकट असतात, रक्तदानही करतात. आमच्याकडे असे दाते आहेत आणि फोन केला की येतात.